रविवारी रात्रीचा पास्ता आणि मधुमेह : पूर्ण सोडावा की मोजून खावा?

टिळकवाडीची_माई

सर्वांना नमस्कार. मी बेळगावात टिळकवाडीला राहते. वय 61 आहे आणि मराठी शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. नऊ वर्षांपासून टाइप 2 मधुमेह आहे, मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे आणि गेल्या महिन्यात एचबीए1सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) 7.4 आली. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर नेमाने फिरते. जेवणात जोंधळ्याची भाकरी, पालेभाजी, आमटी आणि थोडा भात एवढेच असते. कुंदा आणि करदंट या आमच्याकडच्या मिठायांना तर मी कित्येक वर्षांत हात लावलेला नाही.

अडचण रविवारच्या रात्रीची आहे. त्या दिवशी सूनबाई नातीसाठी पास्ता करते, सारे घर एकत्र बसते आणि मी तेवढी माझी भाकरी घेऊन बसते. नात सहा वर्षांची आहे. "आजी, तुला आमचा पास्ता आवडत नाही का?" असे ती दर वेळी विचारते. मागच्या रविवारी तिचे मन मोडवेना, म्हणून पांढऱ्या सॉसमधला पास्ता मी दोन मोठ्या वाट्या खाल्ला आणि दोन तासांनी घरच्या यंत्रावर साखर तपासली, तर ती 238 निघाली. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

मधुमेह असलेल्यांनी पास्ता कायमचा वर्ज्य करावा, की तो खाण्याची काही रीत आहे? ज्यांनी स्वतः खाऊन आणि तपासून पाहिले आहे, त्यांचे अनुभव मला हवे आहेत.

संकेश्वर_नाका

माई, माझे मत स्पष्ट आहे : सोडून द्यावा. पास्ता म्हणजे मैदा, आणि मैदा म्हणजे साखरच. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, जी देशव्यापी पाहणी 2023 साली प्रसिद्ध झाली, तिच्यात भारतात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आणि 13.6 कोटी लोकांना मधुमेहपूर्व अवस्था असल्याचा अंदाज आहे. आपल्या भाकरी-आमटीच्या ताटात बाहेरच्या पदार्थांची भर घालून आपण हे ओढवून घेत आहोत, असे मला मनापासून वाटते. नातीला जवळ घेऊन तुमच्या ताटातली भाकरी भरवा.

निपाणीचा_दादा

मीही हा प्रश्न विचारणार होतो. वडिलांना मधुमेह आहे आणि घरात दोन मुले आहेत, त्यामुळे आमच्याकडेही हेच चालते. वाचत आहे.

पथ्यपाणी

माई, मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते. तुमचे औषध आणि तुमची प्रकृती तुमच्या डॉक्टरांना ठाऊक आहे, म्हणून ताटात बदल करण्यापूर्वी त्यांच्याशी जरूर बोला.

प्रथम संकेश्वरकरांच्या मुद्द्याबद्दल. चांगला पास्ता मैद्याचा नसतो. तो ड्यूरम या कठीण गव्हाच्या रव्यापासून करतात, आणि आपल्या बाजारात मिळणारा बन्सी रवा याच जातीच्या गव्हाचा असतो. रवा घट्ट मळून दाबाखाली साच्यातून काढतात आणि वाळवतात, त्यामुळे पिठातल्या प्रथिनांची एक दाट जाळी तयार होते आणि पिष्टाचे (स्टार्चचे) कण तिच्यात अडकून बसतात. आतड्यातल्या पाचकरसांना त्या कणांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून साखर रक्तात सावकाश उतरते. पाव याच्या उलट असतो. तो फुगलेला आणि जाळीदार असतो, म्हणून झटकन पचतो.

यासाठी ग्लायसेमिक निर्देशांक हे माप वापरतात. ते 1981 साली टोरांटोतल्या डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. ग्लुकोजला 100 धरले, तर पांढऱ्या पावाचा आकडा साधारण 75, पांढऱ्या भाताचा 73 आणि पांढऱ्या स्पॅगेटीचा 49 च्या आसपास येतो. 55 किंवा त्याहून कमी आकडा असलेले पदार्थ कमी निर्देशांकाचे मानले जातात. आपण निश्चिंतपणे खातो तो भात या हिशेबात पास्त्याच्या बराच वर आहे.

मग माईंची साखर 238 का झाली? कारण हा आकडा वेग सांगतो, प्रमाण सांगत नाही. 100 ग्रॅम कोरड्या पास्त्यात साधारण 75 ग्रॅम कर्बोदके असतात, आणि शिजल्यावर त्याचे वजन दुपटीहून अधिक होते. दोन मोठ्या वाट्या म्हणजे कोरडा पास्ता सहज 120 ग्रॅम झाला असेल, त्यातून 90 ग्रॅम कर्बोदके पोटात गेली, आणि पांढऱ्या सॉसमध्ये मैदा आणि दूध यांची भर पडली ती वेगळीच. एका मध्यम चपातीत 20 ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. एका बैठकीला साडेचार चपात्या खाव्यात तसे ते झाले. पुढच्या वेळी कोरडा पास्ता वजनकाट्यावर मोजून 50 ते 60 ग्रॅमच घ्या आणि त्या जेवणात भाकरी, भात, पाव यांपैकी काहीही घेऊ नका.

शिजवणेही महत्त्वाचे आहे. भात बोटचेपा झाला तर आपल्याला तो मऊ आणि छान वाटतो, पण पास्ता बोटचेपा होऊ देऊ नये. जास्त उकळला की ती प्रथिनांची जाळी सैल पडते आणि पिष्ट मोकळे होते. पाकिटावर दिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधी एक तुकडा बाहेर काढून दाताखाली धरा, आणि तो मध्ये किंचित लागत असतानाच पाणी गाळून टाका.

टिळकवाडीची_माई

पथ्यपाणी ताई, साडेचार चपात्या हे वाचून मी थक्क झाले. मी आयुष्यात एका वेळी तीनच्या वर चपात्या खाल्लेल्या नाहीत. आमच्याकडे पास्ता अगदी मऊ होईपर्यंत उकळतात, कारण नातीला तसाच आवडतो.

अथणी_शिवार

ड्यूरमची गोष्ट निघाली म्हणून शेतकरी या नात्याने लिहितो. ड्यूरमचा आपल्या भागातला जवळचा नातलग म्हणजे खपली गहू, ज्याला इथे कन्नडमध्ये जवे गोधी म्हणतात. पोळीचा नेहमीचा गहू 42 गुणसूत्रांचा असतो, तर ड्यूरम आणि खपली हे दोन्ही 28 गुणसूत्रांचे आहेत. मळणी केली तरी खपलीच्या दाण्यावरचे टरफल निघत नाही, ते वेगळे कांडून काढावे लागते. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने डीडीके 1025 आणि डीडीके 1029 या बुटक्या जाती दिल्यापासून पीक लोळण्याचा त्रास पुष्कळ कमी झाला. आमच्या घरी शेवया आणि लापशी खपलीचीच असते, आणि खपलीची शेवई शिजून लगदा होत नाही हे मी खात्रीने सांगतो.

खानापूरची_वहिनी

अथणीच्या भाऊंनी माझ्या मनातला विषय काढला. पास्ता हा परका पदार्थ आहे असे मानून आपण त्याच्यावर रागावतो, पण आपल्या घरांत पास्ता पूर्वापार आहेच. लग्नघरी रुखवतासाठी बायका गव्हले, मालत्या, नखुल्या आणि बोटवे वळत असत, आणि मी स्वतः आजीच्या शेजारी बसून नखावर नखुल्या वळायला शिकले. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून तिच्यावर शेवयांचे यंत्र बसवायचे, एकीने दांडा फिरवायचा आणि दुसरीने ओल्या शेवया काठीवर झेलून वाळत टाकायच्या. रवा भिजवणे, घट्ट मळणे, साच्यातून काढणे आणि वाळवणे ही पथ्यपाणी ताईंनी सांगितलेली सगळी कृती आमच्या अंगणात होत असे. शेजारच्या कन्नड घरांतही शाविगेसाठी हेच चाले, आणि यंत्र एकच असल्याने ते गल्लीभर फिरे.

माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. त्या साध्या शेवयांऐवजी खपलीच्या शेवयांचे उप्पीट खातात आणि खपलीने साखर वाढतच नाही असे सांगतात. म्हणून माईंनी पास्त्याच्या जागी खपलीच्या शेवया कराव्यात, नातही आवडीने खाईल.

पथ्यपाणी

वहिनी, तुमचे अंगण वाचून आनंद झाला, पण शेवटच्या वाक्याला मला ठामपणे हरकत घ्यावी लागेल, कारण या एका समजुतीने नुकसान झालेले लोक मी पाहिले आहेत. खपलीत प्रथिने आणि चोथा नेहमीच्या गव्हापेक्षा बरे असतात आणि ती तुलनेने सावकाश पचते हे खरे, परंतु तिच्या दाण्यातही बहुतांश पिष्टच असते. खपली मधुमेहाला चालते असे ऐकून तीन-तीन वाट्या खीर खाणाऱ्याची साखर वाढणारच. जोंधळ्याच्या भाकरीलाही हेच लागू आहे. ती पोट भरते आणि तिच्यात चोथा आहे म्हणून ती चांगली, पण तिच्यात कर्बोदके नाहीत असे नव्हे. सासूबाईंची साखर उप्पीट खाण्याआधी आणि दोन तासांनी, अशी दोन-तीन वेळा मोजून पाहावी, अशी माझी विनंती आहे.

खानापूरची_वहिनी

मान्य आहे. आम्ही आजवर फक्त सकाळची उपाशीपोटीची साखर मोजत आलो. खाल्ल्यानंतरची कधी मोजलीच नाही.

इन्सुलिन_सोबती

मला टाइप 1 मधुमेह आहे. बाराव्या वर्षापासून इन्सुलिन घेतो आणि आता बेळगावात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वसतिगृहातले मित्र आठवड्यातून एकदा बाहेर पास्ता खायला नेतात, त्यामुळे या पदार्थाचा अभ्यास मला करावाच लागला.

चीज आणि साय घातलेला पास्ता दोन तासांनी तपासला तर साखर चांगली दिसते आणि माणूस निर्धास्त होतो, पण स्निग्ध पदार्थांमुळे पोट सावकाश रिकामे होते आणि खरी वाढ चार-पाच तासांनी दिसते, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. सुरुवातीला मी जेवणाआधी सगळे इन्सुलिन एकदम घेत असे. तेव्हा जेवणानंतर लगेच साखर खाली जायची आणि मध्यरात्री वर चढायची. आता डॉक्टरांनी डोस विभागून घ्यायला शिकवले आहे. तो हिशेब प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून माझे आकडे इथे लिहीत नाही. माई, तुम्ही पांढरा सॉस खाल्ला होता, तेव्हा तुमची साखर 238 वरच थांबली की पुढे आणखी चढली, हे त्या एका तपासणीवरून कळत नाही. पुढच्या वेळी झोपण्यापूर्वी आणखी एकदा पाहा.

टिळकवाडीची_माई

बाळा, दुसऱ्या दिवशी सकाळी माझी उपाशीपोटीची साखर 161 होती. एरवी ती 125 ते 130 असते. तू म्हणतोस तसेच झाले असावे.

निपाणीचा_दादा

आता मला आमच्या घरी घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण हा धागा वाचून कोणी उत्साहाच्या भरात चूक करू नये. माझे वडील ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. मागच्या वर्षी मी कुठेतरी कर्बोदकांचा हिशेब वाचला आणि त्यांना न विचारता त्यांचे रात्रीचे जेवण एकदम कमी केले. ताटात काकडी-टोमॅटो आणि चमचाभर पास्ता होता, आणि गोळी मात्र नेहमीचीच होती. रात्री अकरा वाजता ते घामाने भिजले, हात थरथरू लागले आणि बोलणे अडखळू लागले. साखर तपासली तर 58 होती. मुलांना गोष्ट सांगताना ते मध्येच थांबले म्हणून आमचे लक्ष गेले, ते झोपलेले असते तर काय झाले असते हा विचार मला आजही सोडत नाही.

पथ्यपाणी

दादा, हे लिहिलेत हे फार चांगले केलेत. 70 च्या खाली साखर गेली आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून, म्हणजे साधारण 15 ग्रॅम, लगेच द्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात, मग ताटात काही असो वा नसो. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी खाली जात नाही, त्यामुळे माईंची आणि तुमच्या वडिलांची स्थिती सारखी नाही. ज्यांच्या औषधात अशी गोळी किंवा इन्सुलिन आहे, त्यांनी जेवण कमी करण्याआधी डोसाबद्दल विचारलेच पाहिजे.

हल्याळची_लेक

आमच्याकडे कारवारच्या बाजूला तांदळाच्या शेवया नारळाच्या रसात गूळ घालून खातात. माहेरी गेले की त्या सुटत नाहीत. त्यांचे काय? आणि पास्ता शिजवून थंड केला की त्यातली साखर कमी होते असे एका मैत्रिणीने सांगितले, ते खरे आहे का?

पथ्यपाणी

थंड केल्यावर पिष्टाचा काही भाग पचायला अवघड अशा स्वरूपात बदलतो आणि पुन्हा गरम केला तरी त्यातला काही भाग तसाच राहतो, एवढे खरे आहे. पण हा फरक माफक असतो, त्याच्या भरवशावर वाटी वाढवू नये. तांदळाच्या शेवयांत गव्हाच्या प्रथिनांची ती जाळी नसते आणि वर गूळ असतो. गूळ साखरेइतकाच साखर वाढवतो. दोन-चार घास चवीपुरते घ्या आणि जेवणातला भात त्या दिवशी सोडा.

संकेश्वर_नाका

पथ्यपाणी ताईंनी सांगितलेला ड्यूरमचा मुद्दा मी काल पाकिटे पाहून पडताळला. दुकानातल्या एका पाकिटावर घटकांत ड्यूरम गव्हाचा रवा लिहिला होता आणि शेजारच्या स्वस्त पाकिटावर सरळ मैदा लिहिला होता. सगळाच पास्ता मैद्याचा असतो हे माझे म्हणणे चुकीचे होते, ते मी मागे घेतो. परंतु आपल्या गावांत सुटा, वजनावर विकला जाणारा पास्ता कशाचा असतो हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि बाहेर मिळणारी ताटली मोजून कोणी देत नाही. म्हणून घरी केलेला चालेल, बाहेरचा नको, एवढ्यावर मी अजूनही ठाम आहे. तयार सॉसच्या बाटलीत साखर आणि मीठ दोन्ही असतात, याकडेही लक्ष द्यावे.

कॅम्पातला_बेकरीवाला

पाकीट मागच्या बाजूने वाचण्याच्या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, म्हणून पहिला शब्द काय आहे तेच आधी पाहावे.

टिळकवाडीची_माई

दोन रविवार झाले, म्हणून सांगायला आले आहे.

पहिल्या रविवारी सूनबाईने माझ्यासाठी 55 ग्रॅम ड्यूरमचा पास्ता मोजून घेतला. नातीचा पास्ता भांड्यात पुढे शिजत राहिला आणि माझा आधीच गाळून काढला, त्यामुळे दोघींचे समाधान झाले. सॉस टोमॅटो, लसूण आणि चमचाभर तेलाचा होता. त्यात ढब्बू मिरची, बीन्स, गाजर आणि वाफवलेली मोडाची मटकी इतकी घातली की पास्त्यापेक्षा भाजीच जास्त दिसत होती, आणि वर थोडे पनीर. आधी काकडीची कोशिंबीर खाल्ली आणि मग पास्त्याला हात लावला. जेवणानंतर मुलगा, नात आणि मी पंधरा मिनिटे गल्लीत फिरलो. जेवणाआधी साखर 124 होती, पहिल्या घासापासून दोन तासांनी 171 आणि झोपताना 158.

दुसऱ्या रविवारी सगळे तसेच केले, पण आकडा 195 आला आणि मी निराश झाले. मग वही पाहिली, तेव्हा जेवणाआधीच साखर 149 होती असे दिसले. दुपारी शहापूरला एका नात्यातल्या बारशाला गेले होते आणि तिथे आग्रहामुळे अर्धा लाडू आणि मसालेभात खाल्ला होता.

इन्सुलिन_सोबती

माई, वजाबाकी करून पाहा. पहिल्या वेळी साखर 47 ने वाढली आणि दुसऱ्या वेळी 46 ने. पास्त्याने दोन्ही वेळा जवळपास सारखेच काम केले, दुसऱ्या वेळी फक्त सुरुवातच वरून झाली होती.

पथ्यपाणी

अगदी बरोबर निरीक्षण आहे. घरगुती यंत्रात काही टक्के फरक धरावाच लागतो. 100 च्या वरच्या आकड्यांसाठी मान्य मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत आहे, म्हणून एका आकड्याने हुरळून जाऊ नये आणि खचूनही जाऊ नये. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करावेत, कारण बोटाला फळाचा रस किंवा साखर लागली असेल तर आकडा उगीच वाढतो. जेवणानंतरची साखर बहुतेक प्रौढांसाठी 180 च्या आत असावी असे मानतात. तुमचे स्वतःचे लक्ष्य डॉक्टरांकडून लिहून घ्या. दोन्ही रविवारच्या नोंदींची ही वही त्यांना दाखवा, ती त्यांना फार उपयोगी पडेल. मटकी आणि पनीर घातलेत, आधी कोशिंबीर खाल्लीत आणि नंतर चाललात, या तिन्ही गोष्टी चालू ठेवा.

खानापूरची_वहिनी

मीही वही घातली आहे. सासूबाईंची खपलीच्या उप्पीटाआधी 132 आणि दोन तासांनी 201 आली. त्या दीड मोठी ताटली खात होत्या. काल आम्ही कोरड्या शेवया 50 ग्रॅम मोजल्या, तितकाच ओला मटार घातला आणि सोबत वाटीभर ताक दिले, तर 128 वरून 174 झाली. "खपलीने वाढतच नाही" हे वाक्य आता त्याच बोलत नाहीत. माई, तुमच्या सॉसला एका माणसामागे टोमॅटो किती घेता?

टिळकवाडीची_माई

मध्यम आकाराचे दोन टोमॅटो, लसणाच्या तीन पाकळ्या आणि अर्धी ढब्बू मिरची. टोमॅटो उकळत्या पाण्यात घालून साल काढून घ्या, म्हणजे सॉस घट्ट व्हायला मैदा लागत नाही. या रविवारी तुमच्या खपलीच्या शेवया याच सॉसमध्ये करणार आहोत. नातीने शेवयांचे यंत्र कधी पाहिलेले नाही, म्हणून माळ्यावरचे जुने पितळी यंत्र मुलाने खाली काढून ठेवले आहे. आकडे सोमवारी सकाळी इथे लिहीन.